चाच्याची गोष्ट मधेच अडकली तर: गाठी सोडवायची माझी पद्धत

मी लिहीत असलेल्या गोष्टीतला चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, रामा तांडेल (तांडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या) तीन आठवडे गोव्यातल्या आग्वादच्या किल्ल्यासमोर पाण्यात तसाच उभा होता. झालं असं की मी लिहिलेलं, अवसेच्या रात्री तो एक जहाज लुटतो, चांदीच्या चाळीस पेट्या गलबतात घेतो आणि उजाडायच्या आत विजयदुर्गात पोचतो. लिहिताना अंगावर काटा आलेला. मग मांद्र्याच्या मैत्रिणीला वाचायला दिलं, ती उगाच छान छान म्हणणाऱ्यातली नाही, तिने वाचून फोन केला आणि पहिलंच वाक्य, "अगे, तो सांपडलो कसो ना?" म्हणजे तो पकडला कसा गेला नाही? मग अजून दोन प्रश्न, एवढी चांदी घेऊन जहाज एकटंच का निघालेलं, आणि एका रात्रीत विजयदुर्ग कसं काय गाठलं. माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं.

आधी मी तेच केलं जे आपण सगळे करतो. वादळ आणलं. ते जमेना तेव्हा पोर्तुगीज कप्तानाला दारू पाजून झोपवला. मग धुकं पाडलं. दर वेळी गोष्ट अजूनच खोटी वाटायला लागली, कारण वाचणाऱ्याला लगेच कळतं की इथे लेखिका रामाला हात धरून बाहेर काढतेय. शेवटी कथा बाजूला ठेवली आणि वहीत साधे प्रश्न लिहून काढले. साल कुठलं, रामाकडे कागद कोणाचा, अंतर किती, वारा कुठून, पाणी प्यायला किती, माल विकत कोण घेणार. तीन आठवडे न सुटलेली गाठ चार दिवसांत सुटली. तेव्हापासून मी चाच्यांची कुठलीही गोष्ट याच क्रमाने तपासते, ज्यांची अशी गोष्ट अडकलीय त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतेय.

आधी साल ठरवा

"फार वर्षांपूर्वी पोर्तुगीजांच्या काळात" एवढ्यावर चाच्याची गोष्ट उभी राहत नाही. पोर्तुगीज इथे १५१० ते १९६१ होते, साडेचारशे वर्षं, आणि त्यात चाचा म्हणजे कोण हे दर पिढीला बदलत गेलंय. तुम्ही १५१० घेतलंत तर समोर होन्नावरचा तिमोजा येतो, स्वतःची गलबतं बाळगून लूटमार करणारा माणूस, आणि तोच पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कला गोवा घ्यायला मदत करतो, म्हणजे तिथे गोष्ट सौद्याची होते. १६०० घेतलंत तर कुंजाली मरक्कार आहे, कालिकतच्या सामुतिरीचा आरमारी सरदार, ज्याच्यावर शेवटी त्याचाच राजा पोर्तुगीजांना घेऊन चालून गेला आणि त्याला गोव्यात आणून मारलं. तिथे गोष्ट विश्वासघाताची. १६९८ ते १७२९ घेतलंत तर कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख, आहेत आणि अख्खा कोकण किनारा त्यांच्या नजरेखाली. १७५६ ला इंग्रज आणि पेशवे मिळून तुळाजी आंग्रेंचं विजयदुर्ग पाडतात, तिथे गोष्ट एका काळाच्या शेवटाची. नुसतं साल पक्कं केलं तरी अर्धा प्लॉट हातात येतो.

मी १७२० घेतलं. त्याचं कारण माझ्या घराजवळच आहे. मी केरीची, पेडण्यातली. १७२० मध्ये गोव्यातलं तिसवाडी, बारदेश आणि साष्टी एवढंच पोर्तुगीजांकडे होतं, पेडणे त्यांच्याकडे आलं १७८८ मध्ये. म्हणजे रामाच्या काळात शापोरा नदीच्या दक्षिणेला पोर्तुगीज आणि उत्तरेला वाडीकर, म्हणजे सावंतवाडीचे, सावंत. आज आपण शिवोलीचा पूल ओलांडून चोपड्याला पाच मिनिटांत येतो, तेव्हा तेवढ्या पाण्यात राज्य बदलायचं. चाच्याच्या गोष्टीला याहून चांगली हद्द मला तरी दुसरी सापडली नाही.

साल ठरलं की वस्तू तपासायच्या, हे काम पटकन होतं पण करायचंच. दुर्बीण १६०८ च्या आधी कोणाच्याच हातात देऊ नका. काजू आणि मिरची पोर्तुगीजांनी आणली, त्यामुळे १५०५ च्या चाच्याने काजूची फेणी प्यायली तर वाचक तिथेच थांबेल, माडाची सूर द्या हवं तर. काडीपेटी एकोणिसाव्या शतकातली आहे, त्याआधी चकमक. १७२० मध्ये राजधानी जुनं गोवें, पणजी शहर म्हणून पुढे वाढली आणि राजधानी झाली १८४३ मध्ये, तेव्हा गव्हर्नरला पणजीच्या हमरस्त्यावरून फिरवू नका. फळीवरून चालवत समुद्रात ढकलणं ही बहुतेक सगळी गोष्टीतली करणी आहे. कवटी आणि हाडांचा झेंडा अटलांटिककडच्या चाच्यांचा, आपल्या गलबतावर तो आणायचं काही कारणच नाही.

त्याच्याकडे कागद कोणाचा?

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा असं सांगेन.

चाचा हे नाव स्वतःला कोणी लावून घेत नाही, ते दुसरा लावतो. पोर्तुगीजांनी नियमच केलेला की या समुद्रात व्यापार करायचा तर त्यांचा कार्ताझ हवा, म्हणजे परवाना. त्यात जहाज कुठलं, नाखवा कोण, माल काय, कुठून कुठे, सगळं लिहिलेलं. कार्ताझ नसेल तर जहाज आणि माल जप्त. आता विचार करा, आपल्या बापजाद्यांच्या समुद्रात आपल्याच माणसाने परवाना काढायचा. पुढे कान्होजींनी स्वतःचे दस्तक द्यायला सुरुवात केली, ज्याच्याकडे आंग्र्यांचं दस्तक नाही ते जहाज ते पकडायचे. काम दोघांचं एकच, पण इंग्रज आणि पोर्तुगीजांच्या कागदांत कान्होजी चाचे आणि मराठ्यांच्या दरबारात सरखेल. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परत आले, असल्या माणसाला नुसता लुटारू म्हणून कसं चालेल.

कागदाने माणसाचा जीव कसा जातो ते बघायचं असेल तर विल्यम किडचं प्रकरण बघा. त्याच्याकडे इंग्लंडच्या राजाचा परवाना होता, फ्रेंच जहाजं आणि चाचे पकडायचा. १६९८ च्या जानेवारीत त्याने मलबार किनाऱ्यावर एक मोठं जहाज पकडलं, त्या जहाजाकडे फ्रेंच पास निघाले, म्हणजे त्याच्या मते पकड कायदेशीर. पण खटल्याच्या वेळी ते पास त्याला मिळालेच नाहीत, १७०१ मध्ये लंडनला फाशी गेला, आणि तेच पास विसाव्या शतकात तिथल्या दफ्तरात सापडले. माणूस चाचा ठरला कारण दोन कागद वेळेवर टेबलावर आले नाहीत.

तर वहीत तीन ओळी लिहा. माझ्या माणसाकडे कोणाचा कागद आहे. तो कागद कोण मानत नाही. तो कागद हरवला, जळला, रद्द झाला किंवा देणारा मेला तर सकाळी उठून तो कोण असेल. या तीन ओळींतून जो ताण येतो तो तलवारीच्या दहा सीनमधून येत नाही.

रामाचं मी असं केलं. तो आंग्र्यांच्या आरमारात तांडेल होता, भावाच्या मरणाला रजा मिळाली नाही म्हणून न सांगता गावी आला, तो परत गेलाच नाही. आता पोर्तुगीजांच्या लेखी तो चाचा, आंग्र्यांच्या लेखी पळपुटा, आणि सावंतांच्या लेखी आंग्र्यांचा माणूस, ज्यांच्याशी त्यांचं पटत नव्हतं. कागद एकही नाही. हे लिहिलं आणि लगेच कळलं की विजयदुर्गाला तो जाऊच शकत नाही, तिथे गेला तर आधी त्याचेच जुने सोबती त्याला धरतील. म्हणजे मैत्रिणीचा तिसरा प्रश्न चुकीच्या जागेमुळे पडलेला, मी त्याला पाठवतच होते चुकीकडे.

अंतर मोजा, अगदी पट्टी घेऊन

मी फोनवर नकाशा उघडते आणि सागरी मैलांत मोजते, एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. आग्वाद ते विजयदुर्ग पाण्याने साधारण ७० सागरी मैल. आग्वाद ते मालवण ४० च्या आसपास, आग्वाद ते कारवार ४५ च्या आसपास, आग्वाद ते तेरेखोल फक्त १५.

आता वेग. गलबत वल्ह्यांवर, वारा पडलेला असताना, ताशी चार मैल जायचं असं त्या काळच्या इंग्रजांनी लिहून ठेवलंय, ते जमिनीवरचे मैल धरले तर साडेतीन सागरी मैल. म्हणजे विजयदुर्ग वीस तास. वीस तास न थांबता वल्ही मारणारी माणसं कुठून आणणार? आणि डिसेंबरची रात्र आमच्याकडे सूर्यास्त ते सूर्योदय धरून पावणेतेरा तासांची. गणित संपलं, माझा सीन तिथेच मेला.

पण अंतर मोजल्याने सीन फक्त मरत नाही, नवीन जागाही दिसते. ७० मैल नाही जमत तर चार-पाच तासांत काय जमतं? या प्रश्नाने मी पहिल्यांदा तेरेखोलकडे बघितलं, म्हणजे रोज ज्या नदीवर फेरीबोट बघते तिच्याकडेच.

वारा, भरती आणि चंद्र

ही पायरी शहरात वाढलेल्या लेखकांकडून हमखास सुटते. शिडाचं जहाज कुठेही कधीही जात नाही. पावसाळ्यात तर जातच नाही, जून ते ऑगस्ट दर्या बंद, मांडवीच्या तोंडावर आग्वादचा वाळूचा बांध तयार होतो आणि मोठी जहाजं मुरगावला नांगरायची. त्यामुळे जुलैमध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर लुटीचा सीन असेल तर तो काढून टाका, किंवा त्या काळात चाचा काय करतो ते लिहा, गलबत किनाऱ्यावर ओढून घेतलेलं, तळाची कीड खरवडतायत, चुना आणि तेल लावतायत, आणि खायला उधारी. ते प्रकरण मला लढाईपेक्षा जास्त आवडतं.

उघाडीच्या महिन्यांत दिवसाचा एक ठरलेला क्रम असतो. मध्यरात्रीनंतर ते सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा. दुपारी समुद्रावरून खारा वारा, आणि तो आमच्याकडे वायव्येकडून येतो. संध्याकाळी तो पडतो आणि मधले काही तास पाणी अगदी गप्प. याचा अर्थ गोष्टीसाठी काय? उत्तरेकडून, म्हणजे सुरतेकडून, येणारं शिबाड (माल वाहणारं शिडाचं मोठं जहाज) दुपारी छान पळत येईल आणि तिन्हीसांजेला जिथे असेल तिथे अडकेल. मोठ्या जहाजाला वल्ही नाहीत. गलबताला आहेत, चाळीस-पन्नास. वारा पडणं म्हणजे गलबतवाल्याची वेळ. चाच्याला नशीब द्यावं लागत नाही, त्याला फक्त संध्याकाळ माहीत असावी लागते.

आता भरती. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. गोव्यात उधाणाला पाण्याचा चढउतार साधारण दोन मीटर, मुंबईला याच्या दुप्पट. आणि आमच्याकडे अवसेला पूर्ण भरती दुपारी नि रात्री अकरा-बाराच्या सुमाराला, मग दर दिवशी पन्नास मिनिटं पुढे. भरतीपासून ओहोटी सव्वासहा तासांनी. एवढं पाठ करा, बाकी कुठल्याही तिथीचं गणित बोटांवर होतं.

हे सगळं मी वाचलेलं होतं पण कळलं केरीच्या जेटीवर. फेरीसाठी उभी होते, पलीकडे तेरेखोलचा किल्ला, आणि फेरी सुटेना, कारण ओहोटी लागलेली. मधे वाळू वर येते, फेरी टेकते. एक म्हातारे खारवी तिथे जाळं शिवत बसलेले, त्यांना विचारलं, काळोखात आत यायचं तर तुम्ही कसं याल? जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, वाळू दिसत नाही बाय, ऐकू येते. लाट वाळूवर फुटते तिचा आवाज वेगळा आणि खोल पाण्यावरची लाट गप्प जाते, दोन आवाजांच्या मधे जिथे शांत वाटतं तिथून आत. मग पुढे म्हणाले, पण भरती असेल तर, नाहीतर कान असून काय उपयोग. मी तिथेच तिकिटाच्या मागे लिहून घेतलं.

आणि तिथे उभ्या उभ्या सगळं जुळलं. लुटीची जागा आग्वादवरून उचलली आणि मोरजीच्या समोर नेली, तिथून तेरेखोलचं तोंड साधारण सहा सागरी मैल. सव्वासहाला काळोख पडायला लागतो, वारा पडलेला, शिबाड थांबलेलं. सातला रामाची दोन गलबतं चढतात. साडेसातला शिबाड दोरांनी ओढायला घेतात, भरलेलं जड जहाज, ताशी दोन मैल धरा फार तर, म्हणजे साडेदहा. अकराच्या भरतीला वाळूवरून आत. शापोऱ्याच्या किल्ल्यावरून इशारा गेला तरी आग्वादहून निघणाऱ्या पोर्तुगीज जहाजाला मतलई वाऱ्याची वाट बघावी लागणार, तो येईल मध्यरात्रीनंतर, ते तेरेखोलला पोचतील पहाटे पाचला, आणि तेव्हा पूर्ण ओहोटी. त्यांच्या डोळ्यांसमोर नदीत शिबाडाची डोलकाठी दिसतेय आणि मधे वाळू. "तो सांपडलो कसो ना" याचं उत्तर मिळालं, वादळ नाही, धुकं नाही, दारू नाही.

तुमची गोष्ट कारवारकडची किंवा मालवणची असेल तर तिथली खाडी घ्या, पण रात्रीचं असं तासवार वेळापत्रक कागदावर काढाच. मी चार रकाने करते, वेळ, वारा, पाणी, कोण कुठे आहे. जिथे रकाना भरता येत नाही तिथेच गोष्टीत भोक आहे समजायचं.

जहाज एकटं का होतं?

त्या काळी व्यापारी गलबतं काफिल्याने जायची, सोबत पोर्तुगीज आरमाराची लढाऊ जहाजं. त्यामुळे एकटं सापडलेलं जहाज म्हणजे तुम्हाला वाचकाला एक कारण देणं लागतं. आणि ते कारण माणसाच्या स्वभावातून आलं पाहिजे. मी असं केलं, शिबाडाच्या मालकाने दुसऱ्या जहाजाचं भाडं वाचवायला एकाच शिबाडात दीडपट माल कोंबला, ते रेडीपासून मागे पडत गेलं, काफिल्याच्या कप्तानाने दोनदा निशाण दाखवलं आणि मग थांबला नाही. आता त्या कप्तानालाही दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचंय, मालकालाही. एका साध्या कारणातून दोन नवी माणसं गोष्टीत आली.

माणसं किती, पाणी किती

थोडक्यात सांगते कारण हे निव्वळ गणित आहे. गलबत साधारण ७० टनांपर्यंतचं, एक-दोन डोलकाठ्यांचं, गुराब हे त्याहून मोठं लढाऊ जहाज, दोन डोलकाठ्यांचा १५० टनांपर्यंत आणि तीनवाला ३०० च्या घरात. गुराब पुढच्या तोफांनी शिडं-डोलकाठ्या फोडायचे आणि मग गलबतं चहूबाजूंनी चिकटून माणसं वर चढायची. तुमच्या चाच्याकडे एकच गलबत असेल तर त्याला मोठ्या लढाऊ जहाजासमोर उभं करू नका.

गलबतावर साठ माणसं, प्यायला आणि रांधायला दिवसाला माणशी चार लिटर, म्हणजे रोज २४० लिटर, दहा दिवसांचे २,४०० लिटर, जवळपास अडीच टन नुसतं पाणी. म्हणून चाचा महिनाभर समुद्रात फिरत बसत नाही, तो दर चार-सहा दिवसांनी कुठल्या तरी झऱ्यावर येतो, आणि पकडायचा असेल तर झऱ्यावरच पकडला जातो. आग्वाद हे नावच पोर्तुगीज भाषेतल्या पाण्यावरून पडलंय, १६१२ मध्ये किल्ला पुरा झाला तो तिथल्या गोड्या पाण्याच्या राखणीलाही होता. कथेत खलनायकाला हुशार दाखवायचा असेल तर त्याला चाच्याच्या मागे पळवू नका, झऱ्यावर बसवा.

लुटीचं पुढे काय होतं

बहुतेक गोष्टी लूट मिळाली की संपतात आणि माझ्या मते खरा पेच तिथे चालू होतो. चांदीच्या पेट्या फार कमी जहाजांवर असायच्या. असायचं काय, तर कापडाच्या गाठी, मिरी, तांदूळ, खजूर, इमारती लाकूड, आणि सोळाव्या शतकात होर्मुझकडून गोव्याला येणारे घोडे. घोड्यांचं जहाज लुटलंत तर घोडे उतरवणार कुठे, त्यांना पाणी किती, चारा कोण देणार? एकदा नुसतं हे लिहून बघा, एक अख्खं प्रकरण तयार होतं.

तांदळाचं तर मला फारच मोठं वाटतं. गोव्याला तांदूळ कानडी किनाऱ्यावरून यायचा, बसरूर, मंगळूर या बाजूने. तुमच्या चाच्याने तांदळाचं शिबाड लुटलं तर जुन्या गोव्यातला फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज उमराव, उपाशी राहणार नाही, त्याचं भागेल. उपाशी राहील ती चाच्याची बारदेशात दिलेली बहीण. ती एक ओळीचा निरोप पाठवते, घरात तांदूळ नाही, आणि चाच्याला माहीत आहे तो कुठे आहे. गरिबांचा कैवारी असलेला चाचा सगळेच लिहितात, त्याच्या हातून गरिबाचंच ताट रिकामं झालं तर तो काय करतो हे लिहा.

मग विकत घेणारा माणूस. चोरीचा माल बाजारभावाने कोणी घेत नाही. एक सावकार लागतो, जो अर्ध्याहून कमी देतो आणि ज्याला सगळं माहीत असतं. तो सावकार चाच्याला घाबरत नाही, चाचा त्याला घाबरतो. माझ्या गोष्टीत तो पेडण्याचा आहे, आणि त्याच्या आधी तेरेखोलचा किल्लेदार आहे ज्याने शिबाड आत येऊ दिलं, त्याचा वाटा वेगळा.

वाटणीही ठरवून टाका. अटलांटिककडच्या चाच्यांचे लेखी करार असायचे, बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावर कप्तानाला दोन हिस्से, साध्या खलाशाला एक, हातपाय गमावला तर वेगळी भरपाई, आणि कप्तान माणसांच्या मताने. आंग्र्यांच्या आरमारात असं नव्हतं, ते राज्याचं आरमार, तिथे पगार आणि हुकूम. रामा हुकमाच्या जगातून आलाय आणि आता हिश्श्याच्या जगात आहे, त्याच्या खलाशांना तो जुन्या सवयीने हुकूम देतो आणि ते त्याच्याकडे नुसते बघत राहतात. हा सीन मला कुठल्याही पुस्तकात शोधावा लागला नाही, वाटणी लिहिताना आपोआप आला. किडचंही तेच झालेलं, महिनोन्‌महिने लूट नाही, माणसं चिडलेली, आणि एका भांडणात त्याने आपल्याच तोफा डागणाऱ्या गोलंदाजाला लोखंडी पट्ट्यांची बादली डोक्यात मारली, तो मेला. तोफेने मेलेली शंभर माणसं वाचक विसरतो, ही बादली विसरत नाही.

शत्रूची रोजनिशी लिहा

हे कथेत घालायचं नाही, फक्त स्वतःसाठी. पाठलाग करणाऱ्या माणसाची चार दिवसांची रोजनिशी त्याच्या बाजूने लिहा. तो सकाळी उठला, त्याला काय कळलं, कोणाकडून, खरं की चुकीचं, त्याच्याकडे किती जहाजं, वरिष्ठ काय म्हणाला. अट एकच, तो तुमच्याइतकाच हुशार असला पाहिजे. मी पोर्तुगीज कप्तानाची लिहिली आणि तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, म्हणजे वहीतच, की नदी बंद आहे तर मी जमिनीवरून माणूस पाठवीन, शापोरा ओलांडून, सावंतांच्या मुलखात, पैसे देऊन. खरंच की, पाठवेलच. मला हे सुचलं नव्हतं. म्हणजे रामा नदीत सुरक्षित नाही, आणि गोष्ट पुढे सरकली.

बोलतात कसे

इथे फार ताणू नका. रामा कोकणी बोलेल, आंग्र्यांच्या आरमारातली हुकमाची भाषा मराठी, सावंतांच्या किल्लेदाराशी मराठीच, पोर्तुगीजांशी दुभाषी. पानभर कोकणी लिहिलंत तर नागपूरचा वाचक सुटेल, दर सीनला दोन-तीन शब्द पुरतात, पण ते रोजचे हवेत. आणि दुभाष्याला विसरू नका, तो एकटाच असा माणूस आहे ज्याला दोन्हीकडचं कळतं, तो एक शब्द बदलतो आणि लढाई होते किंवा टळते. वस्तूंची नावं जुनी शोधायची तर पणजीला पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात दोन-तीन दिवस बसा, मला तिथे जे मिळालं ते फोनवर मिळालं नव्हतं.

शेवटी अख्खी गोष्ट समुद्रावर कामाला जाणाऱ्या एखाद्या माणसाला तोंडी सांगा, वाचून नाही, सांगा. तो जिथे "मग?" विचारतो तिथे ठीक चाललंय. जिथे "कसं काय?" विचारतो तिथे परत वही उघडायची. मी त्याच जेटीवरच्या आजोबांना सांगितली, त्यांनी एकदाच थांबवलं, म्हणाले भरलेलं शिबाड वाळूवरून ओढताना मागच्या गलबतातली माणसं उतरून खांदा लावतील, पाणी छातीपर्यंत असेल, डिसेंबरात थंड. तो परिच्छेद मी त्याच रात्री बदलला.

नवीन प्रकरण मांद्र्याला गेलंय. काल रात्री तिचा मेसेज आला, सांपडलो ना तें समजलें, पण कापडाच्या प्रत्येक गाठीवर सुरतेच्या व्यापाऱ्याची खूण असणार ना, ती सावकार कशी मिटवणार, आणि तो जमिनीवरून आलेला माणूस जर त्याच दिवशी त्याच्या दुकानात कापड घ्यायला गेला तर? मी वहीचं नवं पान काढून वर फक्त "खूण" लिहिलंय, आणि खाली, कापड धुणारा कोण.